शेळीला पास नव्हता

...आणि वर मलाच विचारत होते, ठेवायचा की काढायचा? अहो, मला? उभा जन्म मी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारत आलो! केस कापायचं दुकान होतं माझं, कोपऱ्यावरचं, दोन खुर्च्यांचं. गिऱ्हाईक बसलं, गळ्याभोवती कापड आवळलं, तोंडभर साबण फासला, की मी वस्तरा पट्ट्यावर घासत घासत सावकाश विचारायचो, मिशी ठेवायची की काढायची? साबण तोंडात जाईल म्हणून माणूस बोलायचा नाही, नुसता 'ऊं ऊं' करायचा, आणि त्या 'ऊं'चा अर्थ मी माझ्या लहरीप्रमाणे लावायचो. एका पोस्टमास्तरांची तर मी अर्धीच ठेवली होती, तुम्हाला सांगतो, उजवीकडची. बिचारे दिवसभर खिडकीत आडवे बसून तिकिटं विकत होते... तर मुद्दा काय, ठरवायची मला सवय नाही. मी विचारणारा माणूस. आणि म्हातारपणी हे सगळे मिळून माझ्याच गळ्याभोवती कापड आवळायला लागले आणि विचारायला लागले, घोडा ठेवायचा की काढायचा?

बसा हो, बसा. चुळबुळ करू नका. दुकानात लोकांच्या मानेवर वस्तरा असायचा, त्यामुळे माझं बोलणं अर्धवट टाकून कोणी उठत नसे. त्या सवयीनं वाया गेलोय मी. आता हातात वस्तरा नाही तर जो तो 'बरं, निघतो' म्हणतो. दूधवाला निघतो, शेजारीण निघते, लांबच्या शहरातली आमची पोरगी तर फोनवर 'हॅलो'च्या आधीच निघालेली असते...

तर घोडा. रेसचा घोडा, हो! केस कापणाऱ्याकडे रेसचा घोडा आला कुठून, म्हणता? खोडीतून आला. माझ्या आयुष्यात जे जे आलं ते खोडीतूनच आलं, बायकोसकट. झालं काय, की माझा मेहुणा शाळेत मास्तर. आमच्या हिचा धाकटा भाऊ. ज्या शाळेतून मला चौथीत कान धरून बाहेर काढलं, त्याच शाळेत हा पुढे पोरांचे कान धरायला बसला, म्हणजे बघा, आमचं पहिल्यापासून जमायचं कसं? माणूस असा सरळ की याच्याशेजारी फूटपट्टी वाकडी वाटावी. खोटं बोलायचं नाही, पाटीवर लिहिलंय ते मोडायचं नाही, आणि जनावरांना असा भितो की कॅलेंडरवर वाघाचं चित्र असलेला महिना आला की हा पुढचं पान वर घेऊन बसतो, मग भले महिनाभर तारखा चुकोत. डोक्यावर एक केस नाही. म्हणजे माझं गिऱ्हाईकसुद्धा नाही! मी याचं करायचं काय?

तर एका वर्षी रेसकोर्सवाल्यांनी सोडत काढली. पहिलं बक्षीस एक शिंगरू. मला काय वाटलं, मास्तरांच्या नावानं एक तिकीट भरून टाकावं, घरी एखादं पत्रक जाईल, वर घोड्याचं चित्र असेल, हा दचकेल, आपण हसू. एवढंच हो! आणि ते तिकीट लागलं. मास्तर आमच्या दारात येऊन उभा, तोंड पांढरंफटक, आणि म्हणतो, "भावोजी, मला घोडा लागलाय." आवाज असा, की जणू कावीळ झालीय.

आमची ही हसली... कशी हसली सांगू? तिचं हसू आधी ऐकूच यायचं नाही. नुसते खांदे हलायचे. मग ती भिंत धरायची, मग स्वयंपाकघरात खाली बसायची, आणि मग आवाज फुटायचा. त्या दिवशी ओट्यावरचं दूध उतू गेलं तरी ही उठेना. आणि डोळे पुसत पुसत तिनं निकाल दिला, अर्धा घोडा तुझा, अर्धा ह्यांचा. निदान घोड्याच्या निमित्तानं तरी रविवारी दोघं एकमेकांची तोंडं बघाल. मी लगेच पुढचा अर्धा घेतला, गवत खातो तो. मास्तरांना मागचा दिला, लाथ मारतो तो.

नाव ठेवायचा मान मास्तरांना. त्यानं कोश काढला, चष्मा पुसला, आणि नाव ठेवलं 'निश्चय'. आता सांगा, घोड्याचं नाव निश्चय, आणि त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं कोणाचा निश्चय झाला नाही!

दिसायला मात्र काय जनावर, काय सांगू तुम्हाला! काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका, मान अशी की फोटो काढावा. आयाळ मीच कापायचो, कात्री माझीच, दुसऱ्याला हात लावू देत नसे. सकाळी सरावाला पळायचा तर वारा मागे पडायचा. आणि रविवारी रेसमध्ये? हरायचा. तरणा होता तेव्हा दुसरा तरी यायचा. मग तिसरा येऊ लागला. मग असा येऊ लागला की त्याला नंबर नसतो, नुसतं 'आणि बाकीचे' म्हणतात, त्या बाकीच्यांत.

मग ही गेली.

...हो. आजारपण फार नाही झालं. असो. पाणी आहे का हो इथे?

तर ही गेली आणि घोडा राहिला. म्हणजे असं बघा, दुकान मी विकलं, कारण हात थरथरायला लागला आणि लोक मिशीच्या बाबतीत हळवे असतात. फक्त एक खुर्ची घरी आणली, ती फिरणारी, पितळी दांड्याची. बाहेरच्या खोलीत अर्धी जागा तिनंच खाल्लीय. पोरगी आली होती तेव्हा म्हणाली, बाबा, ह्या खुर्चीला ठेच लागून पडाल एक दिवस, ठेवायची की काढायची? मग कपाट उघडलं, म्हणाली, आईचे कपडे, ठेवायचे की काढायचे? मी म्हटलं, आधी घोड्याचं ठरू दे. त्या घोड्याच्या आड मी काय काय लपवलंय, तुम्हाला कल्पना नाही. दाताच्या डॉक्टरनं ही दाढ हलवून विचारलं, ठेवायची की काढायची, त्यालाही मी म्हटलं, घोड्याचं ठरू द्या!

आणि रविवार असायचा ना. बाकीचे सहा वार मला सारखेच दिसायचे, जुळ्या पोरांसारखे, कोण कुठला कळायचं नाही. पण रविवारी सकाळी दार वाजलं की मास्तर. तोच करडा कोट, गळ्यात दुर्बीण, हातात छत्री. "निघायचं?" "निघू या." बसमध्ये तो खिडकीशी, मी कडेला. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या कॉलरमध्ये मी हळूच तिकिटाची सुरळी खोचायचो, आणि मास्तर ती हळूच काढून घ्यायचा. रेस व्हायची, घोडा हरायचा, परतीच्या बसमध्ये मास्तर म्हणायचा, काढू या आता त्याला, पुरे झाले त्याचे हाल. मी म्हणायचो, एक रेस बघू. तो म्हणायचा, तुम्ही ऐकायचे नाहीत. मी म्हणायचो, मागचा अर्धा तुझा, तू तेवढा काढ. संपलं. आठवड्याचं बोलणं संपलं.

अहो, खोडी काढायलासुद्धा समोर माणूस लागतं! मी घरात साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवतो. कोणी आलं तर चहा पाजावा म्हणून. कोणी येत नाही, मी विसरतो, आणि सकाळी मीच तोंड वाकडं करतो. आणि वरून हसूही येत नाही. आपणच आपल्याला फसवलं तर टाळी कोणाला द्यायची?

तर अशात एक दिवस ट्रेनरचा निरोप आला. ट्रेनर म्हणजे ज्याच्या तबेल्यात आमचा घोडा असायचा तो, आम्ही त्यांना उस्ताद म्हणतो. उस्तादांची खोड अशी की वाक्याच्या मध्येच खोकतात आणि उरलेलं वाक्य आपण ओळखायचं. आम्ही दोघं गेलो. उस्ताद म्हणाले, हे बघा, नवे घोडे यायचेत, जागा... खॉक्... आणि तुमचा हा वयानं... खॉक्... तेव्हा एकदा काय ते सांगा, ठेवायचा की काढायचा?

मास्तर म्हणाला, काढायचा. मी म्हटलं, ठेवायचा. उस्ताद खोकले. त्या खोकल्याचा अर्थ मात्र मला स्वच्छ कळला.

मी म्हटलं, उस्ताद, पण दुखणं काय आहे याचं? तर जनावरांच्या डॉक्टरनं पाय दाबले, छाती ऐकली, दात पाहिले. म्हणाला, ह्याची छाती तुमच्या सगळ्यांपेक्षा धडधाकट आहे. मग आमचा जॉकी बोलला. जॉकीला आम्ही लवंग म्हणतो, तेवढाच आणि तेवढाच तिखट. लवंग म्हणाला, "काका, तो दमत नाही हो. मी त्याला पुढे काढतो, तो निघतोही, सगळ्यांच्या पुढे. आणि पुढे कोणी नाही, बाजूला कोणी नाही, असं झालं की ह्याचे कान मागे वळतात. मागे राहिले कुठे सगळे? आणि उभा राहतो वाट बघत. तो हरत नाही, काका. थांबतो."

मी हसलो. सगळे हसले. पण बसमध्ये, तुम्हाला सांगतो, पुढच्या माणसाची कॉलर समोर होती, हातात तिकीट होतं, तरी काही केलं नाही. मास्तरांनी दोनदा वळून माझ्याकडे बघितलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

उस्तादांनी उपाय काढला तो शेळीचा. हसू नका! रेसच्या तबेल्यांत ही जुनी रीत आहे. एकटा घोडा कावराबावरा होतो, रात्रभर चकरा मारतो, मग त्याच्या ठाणाशी एक शेळी बांधतात, की गडी गप्प. मी विचारलं, ती काय करते? उस्ताद म्हणाले, काही करत नाही. शेळी आहे ती, काय करणार? नुसती असते. त्यावर त्याचं भागतं. आणि हे सगळं वाक्य ते एकदाही न खोकता बोलले.

शेळी आली. पांढरी, लांब तोंडाची, आणि सगळ्यांकडे अशी नाकावरून बघणारी, की मी तिचं नाव लगेच ठेवलं, इन्स्पेक्टर. का? कारण मास्तर नोकरीत असताना आयुष्यभर एकाच माणसाला घाबरला, शाळा तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरला. आता मी तबेल्याच्या दारातून नुसतं म्हणायचो, इन्स्पेक्टर आले, की मास्तर पेंढीवरून ताडकन उभा! सवयच ती. आणि समोर शेळी. अहो, मला कितीतरी दिवसांनी पोट धरून हसायला आलं. आणि हसता हसता मी शेजारी बघितलं, कोणाचे खांदे हलतायत का. उगीच.

शेळीनं मास्तरांचा रुमाल खाल्ला, उस्तादांचा पट्टा खाल्ला, डॉक्टरच्या पिशवीचा बंद खाल्ला. पण घोडा? घोडा पंधरवड्यात पालटला! खायला लागला, झोपायला लागला, अंगावर तकाकी आली. ती पेंढीवर बसली की हा मान खाली घालून तिच्या पाठीवर हनुवटी टेकवायचा आणि डोळे मिटायचा. आम्ही दोघं बाकावर बसून ते बघायचो. आताशा रेस नसली तरी मास्तर मधूनच म्हणायला लागला होता, जरा तबेल्यावर जाऊन येऊ या का, शेळीचं काय ते बघून. शेळीचं काय बघायचं असतं हो? पण मी जायचो.

पण रेस? रेसमध्ये पुन्हा तेच. पुढे जायचा, कान वळवायचा, उभा! कारण इन्स्पेक्टर तबेल्यात आणि हा मैदानात. उस्ताद म्हणाले, आता शेवटची एक रेस, मग मला उत्तर पाहिजे.

आणि तिथे माझ्या टाळक्यात खोडी शिरली. मी म्हटलं, मास्तर, घोडा सोबतीसाठी थांबतो ना? मग सोबत शेवटाला नेऊन ठेवू! शेळीला घेऊन जिंकायच्या खांबापलीकडे उभं राहायचं. ह्याला लांबून ती दिसेल, हा धावत सुटेल तिच्याकडे, आणि वाटेत खांब ओलांडून जाईल. मी उस्तादांबरोबर आत थांबतो, तू शेळी धर. मास्तर म्हणाला, मी? जनावर? मी म्हटलं, रविवारभर तुझी एकदाही चेष्टा करणार नाही. त्यावर तो तयार झाला. म्हणजे बघा मी किती छळला असेन त्याला.

रविवार उजाडला. मास्तर करड्या कोटात, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात शेळीची दोरी, आणि हात असा ताठ लांब धरलेला की जणू दोरीच्या टोकाला फटाका आहे. मैदानाच्या फाटकावरच्या माणसानं विचारलं, ही कुठे? तिथे पाटी होती, कुत्री, छत्र्या आणि काचेच्या बाटल्या आत आणू नयेत. मास्तरांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. खालपासून वरपर्यंत वाचली. मग दर रविवारसारखी छत्री फाटकवाल्याच्या हातात दिली आणि शेळी घेऊन आत गेला! फाटकवाला पाटीकडे बघतोय, छत्रीकडे बघतोय... शेळीचा उल्लेखच नाही.

रेस सुटली. आणि काय सुटली! मी उस्तादांची बाही धरली होती. आमचा पाचवा, मग चौथा, वळणावर तिसरा, आणि सरळ पट्टीला लागल्याबरोबर त्याला ती दिसली! मला तिथून कळलं, कारण त्याचे कान, एरवी मागे वळणारे ते कान, असे ताठ पुढे, कात्रीच्या पात्यांसारखे. आणि मग तो जो निघाला! लवंग त्याच्या पाठीवर नुसता चिकटलेला, चाबूक खिशात. दुसरा मागे, पहिला मागे, सगळे मागे, आमचा एकटा पुढे, एकटा, आणि थांबत नाही! उस्ताद खोकायचे विसरले. मी म्हातारा माणूस बाकावर चढलो, काय ओरडलो मला ठाऊक नाही. आणि बाकावर चढल्यामुळे मला पहिल्यांदा खांब नीट दिसला. आणि मास्तर दिसला. आणि शेळी दिसली.

खांबाच्या अलीकडे!

अहो, अलीकडे! चार पावलं अलीकडे! आमचा निश्चय सगळ्यांच्या पुढे, वाऱ्यासारखा आला, शेळीपाशी वेग कमी केला, कठड्याकडे वळला आणि उभा राहिला. मान खाली घातली, तिच्या पाठीवर हनुवटी टेकवली. आणि त्याच्या मागून एक घोडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, सगळे गेले. सगळ्यात शेवटी एक लंगडत लंगडत आला, तोही गेला. लवंग वर हाताची घडी घालून बसलेला. अख्खं मैदान हसत होतं, तिकीटवाले खिडक्यांतून डोकी बाहेर काढून हसत होते. आणि मास्तर मधोमध दोरी धरून ताठ उभा, जशी काही प्रार्थना चाललीय, आणि शेळी त्याच्या कोटाच्या खिशातून रेसचा कागद काढून खातेय.

मी धापा टाकत पोचलो. म्हटलं, "अरे मास्तर, पलीकडे सांगितलं होतं ना? पलीकडे!"

तो म्हणाला, "पलीकडे पाटी होती, भावोजी. पास असल्याशिवाय उभं राहू नये. माझ्याकडे होता." आणि खाली बघून म्हणाला, "शेळीला पास नव्हता."

फूटपट्टीनं मारायचं फूटपट्टीला?

तबेल्यात आलो. उस्ताद पाण्याच्या बादलीवर बसले होते. घोड्याचं अंग पुसून झालं होतं, वाफ निघत होती, आणि तो गवत खात होता, शेळी त्याच्या तोंडातलं ओढून खात होती. उस्तादांनी एवढंच विचारलं, बोला, ठेवायचा की काढायचा?

मी घोड्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, एवढा हरलेला प्राणी, एवढी जगानं फिदीफिदी केलेली, आणि त्याच्या तोंडावर असं काही समाधान... दुकानात गरम टॉवेल तोंडावर ठेवल्यावर गिऱ्हाइकाच्या अंगात यायचं तसं. त्याला कुठे जायचं होतं तिथे तो पोचला होता हो. खांब आमचा होता, त्याचा नव्हता. कशाला पळवायचं मग? मी आयुष्यात पहिल्यांदा 'ऊं ऊं' न करता उत्तर दिलं. म्हटलं, "काढा."

आणि मास्तर म्हणाला, "ठेवू या."

मी वळून बघितलं. वर्षानुवर्षं दर रविवारी काढा काढा म्हणून माझं डोकं खाणारा माणूस! मी म्हटलं, काय रे, डोकं ठिकाणावर आहे ना? इतके दिवस तूच म्हणत होतास ना, हाल होतात, काढा?

मास्तर दोरीची गाठ सोडवत होता. गाठ नव्हतीच तिथे. म्हणाला, "म्हणत होतो. कारण तुम्ही ठेवा म्हणायचात." मग जरा थांबून म्हणाला, "एकच हंगाम, भावोजी. रविवारी मी घरी काय करू?"

उस्ताद उठून बाहेर गेले, खोकायला. मी घोड्याची आयाळ उगीच इकडची तिकडे केली. पण काढा म्हटलं ते म्हटलं. मागचा अर्धा त्याचा होता, त्यानं तोही दिला. भांडलासुद्धा नाही.

उस्तादांच्या बहिणीची लांब एका गावी फळबाग आहे, तिथे घोडा गेला. तिनं अट घातली, शेळीसकट पाठवा, एकट्याला मी सांभाळणार नाही. शहाणी बाई. दोन बस बदलाव्या लागतात, मास्तरांना बस लागते, म्हणजे जाऊ म्हणू आणि जाणार नाही, तसलं ते ठिकाण.

आणि मग पहिला रविवार आला. मी सवयीनं दाढी केली, कोट घातला, बूट घातले आणि बाहेरच्या खोलीत उभा राहिलो. कुठे जायचं? कोट काढला. मग वाटलं, कोट काढून तरी काय करायचं? पुन्हा घातला. फिरत्या खुर्चीत बसलो, एक गिरकी मारली, आरशासमोर आलो. आरशात एक म्हातारा कोट घालून बसलेला, केस कापायला आलेला, आणि कापणारा कोणी नाही. खरं सांगू? ही गेली त्या वेळी घर एवढं रिकामं नव्हतं वाटलं. तेव्हा माणसं होती, चपला होत्या दाराशी. आणि रविवारचा घोडा होता. मी म्हटलं, बाबा रे, तूच काढलास. एवढी वर्षं विचारत होतास, आता एकदा ठरवलंस, भोग.

आणि दार वाजलं.

मास्तर! करडा कोट, छत्री, आणि गळ्यात दुर्बीण! मी म्हटलं, काय रे, आज कोणाची रेस? दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ह्या बाजूनं चाललो होतो, कागद द्यायचा होता, औषध आणायचं होतं. पण ह्याला खोटं येत नाही ना. पायपुसण्यावर बूट घासत म्हणाला, "काम काही नाही, भावोजी."

मी त्याला आत घेतला. चहा टाकला. आणि तुम्हाला सांगतो, साखरेच्या डब्यात हात घातला तेव्हा मला आठवलं, मीठ! माझं मलाच एवढं बरं वाटलं! दोन चमचे टाकले, वर अर्धा माझ्याकडून प्रेमाचा. कप दिला आणि समोर स्टुलावर बसलो, आता बघतो कसं तोंड वाकडं करतो ते. त्यानं एक घोट घेतला. दुसरा घेतला. चष्म्यावर वाफ आली, ती पुसली. कप रिकामा केला, बशीत ठेवला आणि विचारलं, "आणखी आहे?"

आता ह्याला काय म्हणावं? पाटीवर लिहिलं नव्हतं म्हणून प्याला असेल!

तेव्हापासून दर रविवारी येतो. सकाळी आला की त्या खुर्चीत बसतो, दुर्बीण पोटावर, आणि पेपर वाचता वाचता झोपतो. घोरतसुद्धा नाही धड. बोलत नाही, हसत नाही, डोक्यावर केस नाहीत की बसल्या बसल्या चार कापावेत. मी इकडे बोलत असतो, तो तिकडे झोपलेला, पण उठून जात नाही. परवा पोरीचा फोन आला, बाबा, आता घोड्याचंही झालं, त्या खुर्चीचं सांगा, ठेवायची की काढायची? मी म्हटलं, हळू बोल. खुर्चीत माणूस झोपलंय.

मग फोन ठेवून मी त्याच्याकडे बघत बसलो. उस्ताद म्हणाले तसंच अगदी. काही करत नाही, नुसता असतो. घोड्याच्या नशिबी शेळी आली आणि माझ्या नशिबी हा. तक्रार नाही माझी, भागतं. फरक एवढाच, की ती दूध द्यायची... हा पितो.